हिवाळ्यात घरातला एसी, हीट पंप, बॉयलर कसा जपावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न नाना तऱ्हेचे येतात, पण खोदत गेलं की मुळाशी बहुतेक वेळा पाणी निघतं. नुसत्या कोरड्या थंडीने यंत्रं सहसा बिघडत नाहीत. कुठेतरी साचलेलं पाणी गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तिथे घोटाळा होतो. म्हणून कुठलंही उपकरण हिवाळ्यासाठी तयार करताना आधी बघायचं, की यात पाणी साचतं कुठे आणि बाहेर जातं कुठून. खालची सगळी तापमानं सेल्सियसमध्ये आहेत.

१. माझा एसी फक्त गार हवा देतो. हिवाळ्यात तो नुसता बंद करून ठेवला तर पुरे ना?

जवळजवळ पुरे. बंद करण्याआधी तो दोन-तीन तास फक्त फॅन मोडवर चालवा, म्हणजे आतली कॉइल सुकेल. ओली कॉइल चार महिने बंद राहिली, की पहिल्या उन्हाळी दिवशी येणारा कुबट वास तिचाच असतो. फिल्टर धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ड्रेन पाइप कुठे खाली लोंबून त्यात पाणी अडकलं असेल, तर तो सरळ करून पाणी काढून टाका. रिमोटमधले सेल काढा. ते गळले तर पट्ट्या गंजतात. शेवटी एमसीबी खाली करा. मात्र उन्हाळ्यात तो वर केल्यावर लगेच एसी लावायचा नाही. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

२. बाहेरच्या युनिटला प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने बांधलं तर बरं ना?

नाही, त्याने नुकसानच होतं. आउटडोअर युनिट पावसात आणि बर्फात उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं. प्लॅस्टिकच्या आत जमिनीची वाफ धरते, रात्री तिचे थेंब होतात आणि पत्रा, स्क्रू, वायरींचे जोड गंजू लागतात. शिवाय उंदरांना आयतं उबदार घर मिळतं आणि ते वायरींचं आवरण कुरतडतात. ज्या युनिटचा पंखा वर तोंड करून असतो, त्यात पानं आणि बर्फ थेट पडतो. अशा युनिटवर फक्त वरच्या बाजूला प्लायवूडचा तुकडा ठेवून त्यावर वजन ठेवा, चारही बाजू मोकळ्या सोडा. एमसीबीवर ‘झाकण काढा’ अशी चिठ्ठी चिकटवा. झाकण ठेवूनच एसी सुरू केल्यामुळे कॉम्प्रेसर तापून बंद पडण्याचे प्रकार दर उन्हाळ्यात होतात.

हे फक्त गार हवा देणाऱ्या एसीसाठी. गरम हवाही देणाऱ्या एसीचं युनिट अजिबात झाकू नका.

३. आमचा एसी गरम आणि थंड दोन्ही देतो. मग त्याच्या बाहेरच्या युनिटची काळजी कशी घ्यायची?

असा एसी म्हणजे हीट पंप. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो, त्यामुळे थंडीत त्याच्या बाहेरच्या युनिटला भरपूर मोकळी हवा लागते. कडेने ४५ ते ६० सेंटिमीटर आणि पंखा वर असेल तर डोक्यावर सुमारे दीड मीटर जागा सोडा. भिंतीकडच्या बाजूला नेमकं किती अंतर हवं, ते मात्र त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

जिथे बर्फ पडतो तिथे युनिट जमिनीवर नको. नेहमी जितका थर साचतो, त्यापेक्षा निदान १५ ते २० सेंटिमीटर उंच स्टँडवर किंवा भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवा. उंची फक्त पडणाऱ्या बर्फासाठी नसते. बर्फ वितळवताना युनिटमधून बरंच पाणी खाली पडतं, ते तिथेच गोठत गेलं तर बर्फाचा ढीग खालून चढत पंख्यापर्यंत पोचतो. म्हणून तळाच्या ट्रेमधली भोकं हिवाळ्याआधी काडीने साफ करा. छपराची पन्हळ नेमकी युनिटवर गळत असेल, तर आधी पन्हळ दुरुस्त करा. तिचे थेंब कॉइलवर गोठतात, आणि बर्फाची लोंबती सुळकी पडली तर पंख्याचं पातं तुटतं.

४. हीट पंपाच्या युनिटमधून पांढरा धूर येतो, पंखा थांबतो आणि घरात गार हवा यायला लागते. जळलं का काही?

काही जळलेलं नाही. ती वाफ आहे आणि याला डीफ्रॉस्ट म्हणतात. थंडीत बाहेरची कॉइल हवेपेक्षाही गार असते, त्यामुळे हवेतलं बाष्प तिच्यावर हिमकणांच्या रूपात बसतं आणि हवेचा रस्ता अडतो. मग यंत्र स्वतःहून थोडा वेळ उलटं चालतं: घरातली उष्णता बाहेरच्या कॉइलकडे पाठवतं, बाहेरचा पंखा थांबवतं, हिम वितळतं, वाफ उठते. दिशा बदलणारा वाल्व सरकताना ‘फुस्स’ असा आवाजही येतो. सगळं साधारण ५ ते १० मिनिटांत आटोपतं आणि दमट थंडीत दर तास-दीड तासाने पुन्हा होऊ शकतं.

गंमत अशी, की कडाक्याच्या कोरड्या थंडीत डीफ्रॉस्ट कमी वेळा होतं आणि शून्य ते पाच अंशांच्या धुकट हवेत जास्त वेळा. कारण थोड्या उबदार हवेत बाष्प जास्त मावतं. त्यामुळे ‘थंडी कमी झाली तरी यंत्र जास्त वेळा थांबतं’ ही तक्रार खरी असली, तरी तो बिघाड नाही.

५. मग किती बर्फ चालतो आणि कधी माणूस बोलवायचा?

फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पट्ट्यांवर, पांढरा, भुरभुरीत, पातळ थर दिसला आणि पुढच्या डीफ्रॉस्टला गेला, तर काळजी नको. पारदर्शक, टणक बर्फ असेल, दोन-तीन तासांतही जात नसेल, पंख्याच्या जाळीवर चढला असेल किंवा पातं घासल्याचा आवाज येत असेल, तर यंत्र बंद करा. मोठा बर्फ साचण्यामागे ठरलेली कारणं असतात: कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर निसटलेला किंवा खराब, दिशा बदलणारा वाल्व अडकलेला, बाहेरचा पंखा फिरत नाही, रेफ्रिजरंट गॅस कमी, किंवा तळाची भोकं बुजलेली. शेवटचं कारण तुम्ही स्वतः तपासू शकता. अर्धीच कॉइल बर्फाळलेली आणि अर्धी कोरडी, असं दिसलं तर संशय बहुधा गॅस कमी असण्यावर जातो. तेव्हा प्रश्न १६ वाचून मगच माणसाशी बोला.

६. साचलेला बर्फ स्क्रूड्रायव्हरने किंवा उकळतं पाणी ओतून काढू का? मीठ टाकलं तर?

तिन्ही नको. ॲल्युमिनियमच्या फिन्स कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्या मागेच गॅसची नळी. टोक जरा घसरलं की गॅस गेला. उकळत्या पाण्याने थंड धातूला झटका बसतो. मिठाने ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, तेही महिन्यांनी लक्षात येतं. एमसीबी बंद करा, वरचा भुसभुशीत बर्फ मऊ झाडूने काढा आणि बाहेर शून्याच्या वर तापमान असेल तर नळाचं साधं पाणी सावकाश सोडा. तापमान शून्याखाली असेल तर तेच पाणी पुन्हा गोठतं. तेव्हा हाताने करण्यापेक्षा डीफ्रॉस्ट जबरदस्तीने सुरू करण्याची सोय पुस्तिकेत आहे का ते बघा.

७. एसीतला गॅस थंडीत गोठतो का?

नाही. घरगुती यंत्रांतला आर-३२ गॅस उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो आणि उणे १३६ च्या आसपास गोठतो. गोठतं ते पाणी.

८. थंडीच्या रात्री वीज पाच-सहा तास गेली. आली की लगेच हीट पंप लावू का?

थांबा. कॉम्प्रेसरच्या पोटाशी बहुतेक यंत्रांत एक छोटा हीटर असतो. त्याला क्रँककेस हीटर म्हणतात. तो कॉम्प्रेसरमधलं तेल कोमट ठेवतो. वीज गेली की तोही थंड पडतो. मग यंत्रातला गॅस सगळ्यात गार जागी, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये, द्रव होऊन जमतो आणि तेलात मिसळतो. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू केला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फेस होतो, तेल फेसाबरोबर नळ्यांत निघून जातं आणि बेअरिंग कोरडी फिरतात. एका फटक्यात कॉम्प्रेसर जाईलच असं नाही, पण आयुष्य कमी होतं.

म्हणून थर्मोस्टॅट बंद ठेवून एमसीबी चालू करा आणि यंत्राला निदान सहा तास नुसती वीज मिळू द्या. ते महिनोन्‌महिने बंद असेल तर १२ ते २४ तास. तोपर्यंत घर गरम ठेवायला ‘इमर्जन्सी हीट’ हे बटण वापरा, असेल तर. ते कॉम्प्रेसरला न छेडता फक्त विजेची कॉइल लावतं. बऱ्याच इन्व्हर्टर यंत्रांत वेगळा हीटर नसतो, मोटरच्या वाइंडिंगमधूनच थोडा प्रवाह सोडून तेल गरम ठेवतात. नियम तोच: हीट पंपाचा एमसीबी हिवाळाभर चालू.

वीज नसताना जनरेटर लावणार असाल, तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब ठेवा. गॅरेजमध्ये शटर उघडं ठेवूनही चालत नाही.

९. थंडीतही एक खोली गार ठेवावी लागते, तिथे संगणकांचे सर्व्हर आहेत. साधा एसी कूलिंगवर ठेवू का?

बाहेर १६-१८ अंशांखाली बहुतेक साध्या एसींना कूलिंग झेपत नाही. बाहेरची कॉइल गरजेपेक्षा जास्त थंड होते, गॅसचा दाब पडतो, आतली कॉइल गोठते आणि द्रव गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये येतो. कमी तापमानात चालण्यासाठी बाहेरच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक लागतो. काही मॉडेलमध्ये तो मुळातच असतो. खात्री करायची तर पुस्तिकेत ‘कूलिंग’साठी बाहेरच्या तापमानाची मर्यादा किती दिली आहे ते बघा. ‘हीटिंग’ची मर्यादा वेगळी असते आणि लोक नेमकी तीच वाचतात.

१०. घर तापवणारा गॅसचा बॉयलर ऐन कडाक्याच्या पहाटे बंद पडतो आणि आतून गुडगुड आवाज येतो. दुपारी आपोआप चालतो. काय भानगड आहे?

जवळजवळ नक्की त्याचा कंडेन्सेट पाइप गोठलेला आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही वापरतो. त्यातून निघणारं आंबट पाणी एका प्लॅस्टिकच्या पाइपने बाहेर जातं. पाणी थेंबथेंब येतं. थेंब बाहेरच्या पाइपातून सावकाश जाताना गोठतो, त्यावर दुसरा बसतो आणि पाइप बंद होतो. पाणी मागे तुंबलं की बॉयलर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करतो.

तात्पुरता उपाय: भिंतीबाहेरच्या पाइपावर, विशेषतः वळणांवर आणि उघड्या टोकाशी, कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी बांधून ठेवा. पाणी खळकन गेल्याचा आवाज आला की बॉयलर रीसेट करा. उकळतं पाणी नको. प्लॅस्टिक तडकतं आणि खाली सांडलेल्या पाण्यावर माणूस घसरतो.

कायमचा उपाय म्हणजे तो पाइप घरातल्या घरातच मोरीच्या किंवा सिंकच्या पाइपाला जोडणं. बाहेरून न्यायचाच असेल तर शक्य तितका आखूड, निदान ३२ मिलिमीटर व्यासाचा, दर मीटरला साधारण ४५ ते ५० मिलिमीटर उतार देऊन आणि पाणी न शिरणारं इन्सुलेशन लावून. सायफन असलेला बॉयलर थेंबाऐवजी पाणी साठवून एकदम सोडतो, म्हणून तो कमी गोठतो. धुराची आणि हवेची नळी भिंतीतून बाहेर येत असेल, तर तिच्या तोंडापुढचा बर्फही हटवा. नळी बुजली तर बॉयलर बंद पडणं हा त्यातल्या त्यात बरा परिणाम. वाईट परिणाम म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात येणं. त्याला रंग नाही, वास नाही. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म असायलाच हवा.

११. बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्यात गाडीचं कूलंट टाकलं तर गोठणार नाही ना?

गोठणार नाही, पण दुसरं बिघडेल. गाडीचं कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी आहे. घरच्या यंत्रणेतून ते कधी पिण्याच्या पाण्यात झिरपलं तर जिवावर बेतेल. शिवाय काही कूलंटमधली सिलिकेट रसायनं जेल होऊन हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे बॉयलरमध्ये पाण्याला उष्णता देणाऱ्या भागावर, बसतात. घरासाठी गंजरोधक मिसळलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या, आणि बॉयलर बनवणाऱ्याने त्याला मान्यता दिली आहे का ते बघा. एक्स्चेंजर ॲल्युमिनियमचा असेल तर हे विशेष महत्त्वाचं. जस्त चढवलेले जी.आय. पाइप असतील तर ग्लायकॉल नको; जस्ताशी त्यातल्या गंजरोधकाची प्रतिक्रिया होऊन गाळ बसतो.

प्रमाण आकारमानाने मोजतात: ३० टक्के ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांपर्यंत, ४० टक्के उणे २१ आणि ५० टक्के उणे ३३ पर्यंत गोठण्यापासून वाचवतं. जास्त टाकलं तर जास्त चांगलं, असं नाही. ग्लायकॉल घट्ट असतं आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणजे पंपावर ताण येतो आणि खोल्या उशिरा तापतात. फार कमी टाकणंही वाईट, कारण २०-२५ टक्क्यांखाली गंजरोधक पुरत नाही.

प्रमाण वाढवताना लोकांचा हिशेब चुकतो. यंत्रणेत १०० लिटर पाणी आहे, ग्लायकॉल २० टक्के आहे आणि ३० टक्के हवं आहे, तर १० लिटर टाकून भागत नाही, कारण जागा करायला काढलेल्या पाण्याबरोबर ग्लायकॉलही जातं. १२.५ लिटर काढून तेवढंच निर्भेळ ग्लायकॉल भरावं लागतं. दर वर्षी रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण आणि पट्टीने पीएच तपासा. पीएच ७ च्या खाली गेला तर द्रव बदला. यंत्रणेला नळाचं पाणी आपोआप भरणारा वाल्व असेल तर तो बंद ठेवा. नाहीतर बारीक गळती लागली, की तो गुपचूप साधं पाणी भरत राहतो आणि ग्लायकॉल पातळ झालेलं कळतच नाही.

१२. तीन आठवडे घर बंद राहणार आहे. हीटिंग पूर्ण बंद करून जावं का?

बाहेर शून्याखाली जात असेल तर नाही. थर्मोस्टॅट १२-१३ अंशांवर ठेवा. थर्मोस्टॅट घराच्या मध्यावर असतो, पाइप मात्र बाहेरच्या भिंतीत, त्यामुळे त्याहून कमी ठेवणं धोक्याचं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. पाण्याचा मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडा आणि पाइप रिकामे करा, म्हणजे फुटलाच तरी घर भिजणार नाही. फक्त बॉयलर त्याच मेनवर अवलंबून आहे का, ते आधी तपासा.

हीटिंग पूर्ण बंद करायचीच असेल, तर गिझरसह सगळं पाणी काढावं लागतं. गिझरची वीज आधी बंद, मग पाणी रिकामं. परतल्यावर आधी पाणी भरायचं, मग वीज. रिकाम्या गिझरला वीज दिली की एलिमेंट काही मिनिटांत जळतो. बाथरूम आणि मोरीच्या ट्रॅपमधल्या पाण्यात आर.व्ही. (राहण्याची सोय असलेल्या) गाड्यांसाठी मिळणारं बिनविषारी अँटिफ्रीझ ओता.

१३. पाइपांना फोमचं इन्सुलेशन लावलंय, तरी गोठले. असं कसं?

इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, फक्त जाण्याचा वेग कमी करतं. पाइपात पाणी रात्रभर स्थिर असेल आणि आजूबाजूला सतत शून्याखाली असेल, तर ते उशिरा का होईना गोठणारच. अशा जागी हीटिंग केबल लागते. तापमानानुसार स्वतः कमी-जास्त होणारी, सेल्फ-रेग्युलेटिंग केबल घ्या. ठरलेल्या वॅटची केबल स्वतःवरच आडवी गेली, तर त्या जागी तापून आग लागू शकते. केबलचं सर्किट विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरवर असावं.

न वापरलेल्या खोलीचा रेडिएटर पूर्ण बंद केला, तर तिथलं पाणीही असंच स्थिर राहतं. त्याच्या वाल्ववर बर्फाच्या फुलाची खूण असते, तिथे ठेवा. साधारण ६-७ अंशांना तो आपोआप उघडतो.

गोठलेला पाइप वितळवताना नळ उघडा ठेवून नळाकडून मागे मागे हेअर ड्रायर फिरवा. ब्लो लॅम्प नको. आणि मेन कॉक कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, कारण पाइप फुटतो गोठताना, पण गळतो वितळल्यावर.

१४. गच्चीवरचा सोलर हीटर थंडीत फुटला, पण तापमान तर ४ अंश होतं!

निरभ्र रात्री सपाट पॅनेल आकाशाकडे उष्णता फेकत राहतं आणि हवेपेक्षा कित्येक अंश थंड होतं. त्यामुळे हवा ४ अंशांची असली तरी आतल्या तांब्याच्या नळ्या गोठू शकतात. पॅनेल रिकामं करणं किंवा ग्लायकॉलचं वेगळं सर्किट ठेवणं, हेच उपाय. काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब यात बऱ्याच सुरक्षित, पण त्यांना जोडणारे पाइप गोठतात, म्हणून इन्सुलेशन पाइपांना. रिकामी केलेली ट्यूब यंत्रणा उन्हात भरू नका. कोरडी ट्यूब २०० अंशांच्या वर तापते आणि गार पाणी लागताच तडकते. सूर्यास्तानंतर भरा.

१५. वाळ्याचा किंवा हनीकोंब पॅडचा कूलर कसा ठेवायचा?

पाणी काढून टाकी पुसून कोरडी करा, पंप काढून घरात ठेवा, पुरवठ्याची नळी सोडवून फ्लोट मोकळा करा. पॅडवरचा पांढरा थर व्हिनेगर आणि पाण्याने जातो. पूर्ण वाळल्यावर, तीन-चार दिवसांनी, कापडाने झाका. भिंतीतून आत येणारा डक्ट असेल तर त्याचं तोंड बंद करा, नाहीतर घरातली ऊब तिथूनच जाते.

१६. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, थोडा टॉपअप करू. हिवाळ्यात हे बरोबर आहे का?

गॅस वापरून संपत नाही. कमी असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. दुसरं, थंडीत नुसत्या गेजवरच्या दाबावरून गॅसचं प्रमाण ठरवणं फसवं असतं, कारण बाहेरच्या तापमानाबरोबर दाबही उतरतो. हिवाळ्यात खात्रीची पद्धत एकच: असलेला सगळा गॅस रिकव्हरी यंत्राने काढायचा, गळती बुजवून व्हॅक्यूम करायचं आणि नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा पाइप जास्त असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे, ते पुस्तिकेत असतं. मेकॅनिकने वजनकाटा आणलाच नसेल, तर गॅस भरू देऊ नका.